रुमालाखालचा आकडा

अनूचं पत्र आलं तेव्हा तिची आई जाऊन महिना झाला होता. पत्र लहान होतं.

"काका, आईची फाईल आणायला मिरजेला गेले होते. डॉक्टरबाई बोलता बोलता म्हणाल्या, जूनमध्ये आकडा वाढला तेव्हाच आमचं सगळं बोलणं झालं होतं. मला आजवर वाटत होतं की जे काही कळलं ते बारशानंतर. जूनमध्ये आईला ठाऊक होतं का? तुम्ही तिच्याबरोबर होतात. हो की नाही, एवढंच कळवा."

मी कागद घेतला. 'चि. अनूस अनेक आशीर्वाद' लिहिलं. पुढे काही सुचेना. चहा करून आलो, तरी सुचेना. कागद तसाच पुस्तकात ठेवून दिला. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. कुणी काही विचारलं की अमुक कपाटात तमुक पुस्तक बघा, एवढं सांगायचं आणि बाजूला व्हायचं, ही माझी सवय. या प्रश्नासाठी कुठलंच कपाट नव्हतं.

अनूचे वडील, मगदूम, आमच्या कॉलेजच्या कचेरीत होते. माझा मित्र. सांगलीत हरिपूर रस्त्याला एकाच इमारतीत आम्ही राहायचो, ते खाली आणि मी वर. मी लग्न केलं नाही. मगदूम पन्नाशीतच गेला. मग वहिनींनी घरी हळद कुटून, मेतकूट करून विकायला सुरुवात केली. त्यांचे वडील हळदीचे अडत्ये होते, त्यामुळे माल पारखायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्या मला भावजी म्हणत, मी त्यांना वहिनी. त्यांचं नाव सुलोचना. ते मी कधी उच्चारलं नाही.

त्यांचं पोट फुगायला लागलं तेव्हा त्यांना वाटलं गॅस आहे. ओवा खाऊन झाला, हिंग लावून झाला. शेवटी मिरजेला दाखवलं आणि अंडाशयाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं. अनू तेव्हा पुण्यात नोकरी करत होती, महेशशी नुकतंच लग्न झालेलं. ती रजा काढून आली, पण रजा ती किती पुरणार! पुढची सहा इंजेक्शनं दर तीन आठवड्यांनी घ्यायची होती. बरोबर कोण जाणार, असा विषय निघाला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी येतील की. त्यांना इंग्रजी येतं आणि दुसरं काही काम नाही."

ते खरंच होतं. मी निवृत्त झालो होतो.

दर इंजेक्शनाच्या आधी रक्त द्यायचं असे. त्या रक्तात एक द्रव्य मोजतात. सीए एकशेपंचवीस असं त्याचं नाव. पस्तीसच्या खाली असेल तर ठीक समजतात. वहिनींचं ऑपरेशनाआधी नऊशेच्या वर होतं. डॉ. शिरगुप्पे म्हणून मध्यमवयाच्या बाई होत्या, कधी घाईत नसायच्या. त्यांनी समजावून सांगितलं, "पहिल्या तीन इंजेक्शनांत हा आकडा किती भरभर उतरतो, त्यावरून आम्हाला पुढचा अंदाज बांधता येतो."

"अंदाज म्हणजे मी किती जगणार त्याचा?" वहिनींनी विचारलं.

"औषध लागू पडतंय का, आणि किती दिवस लागू राहील त्याचा."

"म्हणजे तेच की."

डॉक्टरबाई हसल्या. "अंदाजच आहे, मगदूमबाई. पावसाचा असतो तसा."

सकाळी रक्त दिलं की रिपोर्ट दुपारी मिळायचा. तोवर बाकड्यावर बसून राहायचं. त्या बाकड्यावर दर खेपेला त्याच बायका भेटत, आणि त्यांच्यात एकच विषय.

"किती आला ओ ताई तुमचा?"

"दोनशे हाय. मागल्या बारीला चारशे होता."

"माझा शंभराच्या आत आला बगा."

"नशीब काडलंस बाई."

दहावीचा निकाल लागल्यावर मुली करतात तसं ते चालायचं. फरक एवढाच, की इथे ज्याचे मार्क कमी तो पास. जिचा आकडा वाढलेला असे ती बाई त्या दिवशी लांबच्या बाकड्यावर जाऊन बसे. बाकीच्यांना तेवढ्यावरून कळायचं.

मी पहिल्यांदा वहिनींचा रिपोर्ट घेऊन आलो आणि उघडला, तर चार बायकांनी माना वळवल्या. वहिनींनी पिशवीतला मोठा रुमाल काढला आणि माझ्या हातावर टाकला. त्याखालून त्यांचा हात आत आला. मी इतका दचकलो की रिपोर्ट खाली पडला.

"अहो, काय झालं? बाबांच्या पेढीवर हळदीचा सौदा असाच व्हायचा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घेणारा आणि अडत्या, दोघांचे हात रुमालाखाली. बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला कळत नसे. माझा भाव या बायकांना कशाला?"

"पण मला ते येत नाही."

"एवढी पुस्तकं वाचलीत आणि पाचापर्यंत मोजता येत नाही? जितकी बोटं दाबाल तितका आकडा. आधी शेकडा, मग दहम, मग एकम. पाचाच्या वर गेलात की अख्खा पंजा धरायचा आणि उरलेली बोटं पुन्हा. शून्याला नुसता अंगठा टेकवायचा."

मी त्यांची बोटं दाबली. चारशे तीस. बोटं थंड होती आणि नखांच्या कडांना हळदीचा पिवळा रंग होता. ऑपरेशन होऊन इतके दिवस झाले तरी तो गेला नव्हता. त्यांनी रुमाल घडी करून ठेवला आणि शेजारणीकडे वळून विचारलं, "तुमच्याकडे पाणी येतं का हो रोज?"

पुढे दर खेपेला असंच झालं. शहाण्णव. अठ्ठावीस. चौदा. डॉक्टरबाई म्हणाल्या, फार छान उतरला. परतताना आम्ही मिरज स्टँडवर भडंग घ्यायचो आणि बसमध्ये खात यायचो. वहिनींच्या डोक्यावर तेव्हा केस नव्हते. पदर घट्ट ओढून त्या खिडकीशी बसत, आणि कंडक्टर आम्हाला नवरा-बायको समजून 'दोन सांगली' असं मलाच म्हणे. मी पैसे देत असे. त्याची चूक मी कधी सुधारली नाही. वहिनींनीही नाही, पण त्यांचं लक्ष नसावं.

दीड वर्ष बरं गेलं. केस आले, ते कुरळे आले. त्यांनी पुन्हा मेतकूट करायला घेतलं. दर तीन महिन्यांनी मिरज, दर वेळी बारा, तेरा, अकरा. मग अनूला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी. मे महिन्यात ती आईकडे राहायला आली आणि खालच्या मजल्यावर दिवसभर हसण्याचे आवाज यायला लागले. मला वरून ऐकू यायचे. रोज संध्याकाळी वहिनी हाक मारत, "भावजी, या हो, डिंक निवडायला माणूस हवंय." मी जायचो. मला डिंक धड निवडता येत नसे. खडे डिंकात आणि डिंक खड्यांत जायचा, मग वहिनी माझं ताट पुन्हा निवडत.

"काका मुद्दाम करतात," अनू म्हणायची. "म्हणजे उद्या कुणी बोलावणार नाही."

"उद्याही बोलावणार," वहिनी म्हणायच्या. "शिकतील."

जूनमध्ये तपासणीची वेळ आली. वहिनींनी अनूला सांगितलं, मिरजेला चुलतबहिणीकडे जाते, भावजींनाही तिकडे कुठलंसं पुस्तक बघायचंय, सोबत होईल. बसमध्ये मला म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकांचा आज पहिल्यांदा उपयोग झाला."

"खरं सांगितलं असतं तर?"

"तर ती संध्याकाळपर्यंत पोट धरून दारात उभी राहिली असती. सातवा महिना आहे."

दुपारी मी रिपोर्ट घेतला आणि बाकड्यापर्यंत येता येता उघडला. एकसष्ट.

मी परत वाचला. नाव वाचलं, वय वाचलं, तारीख वाचली. मग त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी रुमाल टाकला. हात आत आला, बोटं उघडी, उबदार. त्या दिवशी ती थंड नव्हती.

मी त्यांचं एक बोट दाबलं. त्यानंतर पंजा आणि एक. म्हणजे सोळा. आकडे तेच होते, मी फक्त उलटे दिले होते.

वहिनी समोर बघत होत्या. रुमालाखाली त्यांनी माझा हात सोडला नाही.

"भावजी, बाबांच्या पेढीवर तुम्ही एक दिवस टिकला नसता. पुन्हा द्या."

"वहिनी—"

"हाताला घाम सुटलाय तुमच्या. पुन्हा द्या. नीट."

मी दिले. पंजा आणि एक. मग एक.

शेजारची बाई विचारत होती, "आजींचा किती आला?" वहिनी म्हणाल्या, "आजी कुणाला म्हणतेस गं? अजून झाले नाही. ऑगस्टात होणार आहे." आणि रुमालाची घडी घातली.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला, पोट तपासलं, खूप प्रश्न विचारले. वहिनींना कसलाही त्रास नव्हता. भूक होती, झोप होती, जिने चढत होत्या.

"आकडा असा वाढतो तेव्हा आजार परत येत असतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्रास सुरू व्हायच्या काही महिने आधीच रक्तात दिसतं. स्कॅन करू. आणि हवं तर लगेच इंजेक्शनं चालू करता येतील."

"लगेच केली तर जास्त जगेन?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "यावर मोठा अभ्यास झालाय. काही बायकांना आकडा वाढल्याबरोबर औषध दिलं. काहींना त्रास सुरू होईपर्यंत थांबवलं. दोन्हींकडच्या बायका सरासरी तेवढंच जगल्या. आधी सुरू केलेल्यांचे दवाखान्यातले दिवस मात्र वाढले."

"म्हणजे थांबलं तर तोटा नाही."

"सरासरीत नाही. एका बाईचं नेमकं काय होईल, हे मला कुठल्याही आकड्यावरून सांगता येणार नाही. तुमचंही नाही."

"माझी मुलगी बाळंत व्हायचीय. बारसं होईपर्यंत थांबले तर?"

"थांबू शकता. पण पोट फुगलं, जेवण कमी झालं, तर त्याच दिवशी यायचं. बारसं असलं तरी."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुम्ही वाचलंय ना हे?"

मी वाचलं होतं. आकडा पुन्हा वाढला तर, या धास्तीनं मी आधीच कॉलेजात ओळखीच्या मुलांना सांगून संगणकावर तो अभ्यास काढून घेतला होता आणि शब्दकोश घेऊन बसून वाचला होता. डॉक्टरबाई सांगत होत्या तेच त्यात होतं. त्यावर शंका घेणाऱ्यांचे लेखही होते, तेही वाचले होते. कुणी म्हणत होतं, आता औषधं निराळी आहेत. कुणी म्हणत होतं, काही बायकांना लवकरचा फायदा होतही असेल.

"वाचलंय," मी म्हणालो.

"मग तुमचं काय म्हणणं?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. आयुष्यात मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"डॉक्टरबाई म्हणतात ते बरोबर वाटतं," मी म्हणालो.

"झालं तर," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

बसमध्ये त्यांनी भडंगाची पुडी उघडली. मला जाईना. त्या मात्र खात होत्या.

"हरिपूरला बाबांची पेवं होती," त्या म्हणाल्या. "जमिनीखाली हळद भरून ठेवायची, वर्षानुवर्षं राहायची. पण एकदा पेव उघडलं की थांबता येत नसे, सगळा माल बाहेर काढायलाच लागायचा. बाबा म्हणायचे, भाव आपल्या हातात नाही, पेव केव्हा उघडायचं ते आहे." पुडीत बोटं घालून त्यांनी एक शेंगदाणा वेचला. "अनूला सांगायचं नाही. कळलं तर ती उद्या सासरी निघून जाईल. मी इंजेक्शन घेऊन आडवी पडणार, आणि माझ्या नातवंडाला दुसरंच कुणी न्हाऊ घालणार. चालायचं नाही मला."

"आणि नंतर?"

"नंतरचं मी बघते. तुम्ही तेवढं संध्याकाळी डिंक निवडायला येत जा. तोंड असं करून येऊ नका, म्हणजे झालं."

मी गेलो. रोज गेलो. तोंड कसं केलं होतं कोण जाणे, पण अनूला संशय आला नाही. डिंकाचे लाडू झाले, अळीव झाले, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली. ऑगस्टात मुलगी झाली. वहिनींनी तिला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, शेक दिला, धुरी दिली. रात्री ती रडली की त्या उठत, अनूला उठू देत नसत. एकदा संध्याकाळी मी गेलो तर त्या मुलीला मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भावजी, बघा, हिची बोटं. पाचही एकदम मिटते. हिच्याशी सौदा करणं कठीण." तेवढं बोलून त्या मुलीचा हात उघडत आणि मिटत राहिल्या. मी दारातच उभा होतो. आत जावंसं वाटेना, निघून जावंसंही वाटेना.

बारसं झालं. त्यानंतर आठ-दहा दिवसांत त्यांचं पोट फुगलं. त्या आपण होऊन अनूला म्हणाल्या, "मला जरा बरं वाटत नाही गं, मिरजेला दाखवून येऊ." अनू घाबरली, रडली, पण तिला वाटलं, आत्ताच झालं. इंजेक्शनं चालू केली. या वेळी आकडा उतरायचा तसा उतरला नाही. थोडा उतरून तिथंच अडून बसला आणि मग चढायला लागला. शेवटी शेवटी त्या रुमाल काढत नसत. फाल्गुनात त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत अनू सतत जवळ होती, त्यामुळे आमचं वेगळं असं बोलणं झालं नाही.

मग ते पत्र आलं.

'हो' लिहायचं तर अनूच्या मांडीवर लहान मूल होतं. ते बघून तिला जन्मभर वाटलं असतं, हिच्यासाठी आईनं औषध टाळलं. 'नाही' लिहायचं तर ते खोटं, आणि खोटं मला रुमालाखालीसुद्धा धड जमलं नव्हतं. मी पुढच्या आठवड्यात लिहू म्हटलं. मग दिवाळीला लिहू म्हटलं. अनूचं दुसरं पत्र आलं नाही. खालचं घर तिनं भाड्यानं दिलं. वर्षं गेली. तो अभ्यास मी पुन्हा पुन्हा वाचला, नवीन काही छापून आलं की तेही मागवलं. दर वेळी वाटायचं, मी बरोबरच बोललो होतो. आणि दर वेळी वाटायचं, बरोबर आहे म्हणूनच मी ते बोललो होतो का?

यंदा उन्हाळ्यात अनू घर विकायला आली. कागदपत्रं झाल्यावर वर आली. केस पिकायला लागलेत तिचे. मी चहा ठेवला. पत्राचा विषय तिनं काढला नाही, मी तर काढणारच नव्हतो. मुलगी आठवीत आहे म्हणाली, पोहायला जाते म्हणाली.

"काका, मी पण करते ती तपासणी," ती मध्येच म्हणाली. "दर वर्षी. आईला झालं होतं, म्हणून डॉक्टर करायला सांगतात."

"काही—?"

"नाही, नाही. सगळं ठीक आहे. पण मी आकडा बघत नाही. महेश बघतो आणि नुसती मान हलवतो. मग मी विचारत नाही." ती कपाकडे बघत होती. "आईचा तुम्ही बघायचात ना?"

"हो."

"मला परवा एकदम वाटलं, मी महेशला कधीच विचारलं नाही. पाकीट उघडायच्या आधी त्याला काय होत असेल!" तिनं वर बघितलं. "तुम्हाला काय व्हायचं, काका?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद करायला उठलो, फडकं शोधलं, ओटा पुसला, पुन्हा पुसला. परत येऊन बसलो तेव्हा तिनं पर्स हातात घेतली होती. तिची गाडी होती. जाताना तिनं नमस्कार केला आणि मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "सुखी राहा, पत्ता बदलला असेल तर लिहून ठेव." तिनं लिहून ठेवला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा कागद घेतला.

"चि. अनूस अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राचं उत्तर फार उशिरा देतो आहे. हो. जूनमध्ये तुझ्या आईला ठाऊक होतं. आकडा एकसष्ट होता आणि मीच तो तिला सांगितला. थांबल्यानं सहसा आयुष्य कमी होत नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं, मीही तसं वाचलं होतं. ते तिच्या बाबतीत खरं ठरलं की नाही, हे कुणालाच सांगता यायचं नाही आणि मलाही येणार नाही. तू मनाला लावून घेशील म्हणून लिहितो. ती तुझ्यासाठी थांबली असं मला वाटत नाही. तिला ते दिवस स्वतःला हवे होते. तुला न्हाऊमाखू घालायचे, तुझ्या मुलीला पायांवर घ्यायचे. डॉक्टरांसमोर तिनं मला विचारलं, तुमचं काय म्हणणं. मी थांबा म्हणालो. पुस्तकात होतं म्हणून म्हणालो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो."

इथं मी थांबलो. चष्मा पुसला. मग लिहिलं:

"ते दिवस मलाही हवे होते."

हे वाक्य ठेवावं की खोडावं, यात दुपार गेली. खोडलं तर खोडल्याचं दिसेल आणि अनू उन्हात धरून वाचेल, तिच्या आईची मुलगी आहे. नवीन कागदावर सगळं उतरवून काढावं, तर हे सोडून बाकीचं लिहायला हात चालेना. शेवटी खाली लिहिलं, "महेशला विचार. पण तो लगेच सांगेल असं नाही. थोडा वेळ दे. तुझा, देशिंगकर काका."

पाकिटावर पुण्याचा पत्ता घातला. काठी घेऊन निघालो. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत हल्ली कुणी फारसं काही टाकत नाही. पेटीसमोर एक मोटारसायकल लावलेली होती, तिच्या मालकाला हाक मारायचं मला जमलं नाही, म्हणून तो पान खाऊन परत येईपर्यंत थांबलो. तो आला, गाडी काढली, म्हणाला, "आजोबा, टाकू का मी?"

"नको," मी म्हणालो, "माझं मी टाकतो."

पाकीट आत सरकवलं. पेटी रिकामी असावी. तळाशी पडल्याचा आवाज स्पष्ट आला.